आचलच्या हातचा खर्रा

२७ जून

काल जगभर अमली पदार्थविरोधी दिन होता आणि आज मी आमच्या शाळेचा नशामुक्ती समन्वयक झालो. मुख्याध्यापिका चौधरी मॅडमनी पत्र हातात ठेवलं. मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "किनकर सर, गणित-विज्ञानवाल्यायले दहावीचं टेन्शन असते. भूगोलाचं तसं काई नाई." एकवीस वर्षं भूगोल शिकवून हे ऐकायचं. पण एका अर्थी निवड योग्यच झाली. कोका कोणत्या डोंगरउतारावर पिकतो आणि अफू कोणत्या खोऱ्यातून निघते, हे या इमारतीत माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

समन्वयकाने नोंदवही ठेवावी असं पत्रात लिहिलंय. ती शाळेत ठेवीन, तपासणीला दाखवायची. ही दुसरी वही घरची. हिच्यात खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

पहिली अडचण म्हणजे आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. दारूविरुद्ध बोलावं तर ती मिळते हे कबूल करावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "दारू ओझरती घ्या." म्हणजे उरलं गांजा, ब्राउन शुगर आणि एमडी. यातलं मी एकही पाहिलेलं नाही. मुलांनीही पाहिलेलं नसावं. आता ओळख होईल.

संध्याकाळी आचलने खर्रा घोटून दिला. पानठेल्यावरचा लहानू सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत बांधून देतो तो नुसता कच्चा माल, खरी कला घोटण्यात. माझी लेक सातवीपासून घोटते आहे. पन्नी तळहाताखाली धरून अशी घासते की सुपारीचा कण अन् कण मऊ होतो. चुना जास्त झाला तर माझा गाल सोलतो, म्हणून आधी चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवून बघायचं, हेही मीच तिला शिकवलं. "बरोबर हाये बाबा," ती म्हणाली की बिनधास्त तोंडात टाकावा. लहानूच्या हाताला ही सर नाही.

३ जुलै

पहिलं व्याख्यान, दहावी ब. आचल याच वर्गात आहे. फळ्यावर जगाचा नकाशा काढून बाण दाखवले, पोरांना तीन खंड फिरवून आणलं. इतकी शांत ती मोसमी वाऱ्यांच्या धड्यालाही बसत नाहीत. एकाने विचारलं, "सर, एमडी दिसते कसं?" मी म्हणालो, मिठासारखं. "मंग चाखल्याबिगर समजते कसं?" त्याला तासभर उभं ठेवलं.

शेवटी मागच्या बाकावरची काजल उठली. "सर, खर्रा पण नशाच हाये काय?" वर्गात खसखस पिकली. मी न चिडता समजावलं. नशा म्हणजे माणूस झिंगतो, घरदार विकतो. खर्रा खाऊन कोणी झिंगल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, उलट तरतरी येते. फार तर वाईट सवय म्हणा, नखं कुरतडण्यासारखी. हे पोरांना एवढं पटलं की टाळ्या पडल्या. आचल मात्र मान खाली घालून बाकावर नखाने रेघा ओढत बसली होती. बाप वर्गावर आला की पोरींना लाज वाटते.

११ जुलै

तंबाखूमुक्त शाळेचे निकष आले. फाटकापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री नको. टेप घेऊन मोजायला गेलो, तर लहानूचा पानठेला अठ्ठ्याऐंशी यार्डांवर भरला. टेपचं दुसरं टोक बिचारा लहानूच धरून उभा होता. "सर, बारा यार्डापायी मी कुठी जाऊ आता?"

माणूस भला आहे आणि सोळा वर्षांत त्याने माझा चुना एकदाही चुकवलेला नाही. मी तोडगा सुचवला. मागचं फाटक हेच शाळेचं मुख्य फाटक, असा ठराव करायचा. तिथून मोजलं तर एकशे बेचाळीस. मॅडम खूश झाल्या. भूगोलाचं काही काम नसतं म्हणे.

१९ जुलै

आचलला सोळावं लागलं. तिघंही गुपचूप, म्हणजे पुण्या-मुंबईकडची पाणीपुरी, खायला गेलो. दरवर्षी ही पोरगी आईशी पैज लावून वीस-वीस उडवायची. आज म्हणाली, "मले बिना तिखटाचे द्या." आणि एकेक गुपचूप हाताने फोडून, अर्धं-अर्धं करून, बोटांनी आत सारून खाल्लं. पाणी सगळं बशीत. मी हिला म्हणालो, "पाहा, पोरगी कशी रीतीनं खाऊन राह्यली."

ही म्हणाली, "रीत कायची? महिना झाला, भाजीत मिरची दिसली की ताटावरून उठते. नुसता दहीभात खाते. तुम्ही घरात असता तरी कुठी?"

बायकांना काळजीला निमित्त लागतं. वयाप्रमाणे चव बदलते. माझंही तिखट दोन-अडीच वर्षांपासून सुटलंच आहे, घासही बेताचाच घेतो. मी कुठे त्याचा बाऊ करतो?

२ ऑगस्ट

पालकसभेत बोललो. मुलं नशेच्या आहारी गेल्याची लक्षणं पत्रकात दिली आहेत, ती वाचून दाखवली. जेवण कमी होणं. बोलणं कमी होणं. चिडचिड. आवडीच्या गोष्टी सोडणं. दप्तराला कोणाला हात न लावू देणं. मग खास माझ्या पद्धतीने सांगितलं, "काखेत कळसा अन् गावाला वळसा असं करू नका. आधी आपल्या घरात पाहा." टाळ्या मिळाल्या.

सिंदी मेघेला घरी येताना गाडीवर ती यादी डोक्यातून जाईना. जेवण? दहीभात. बोलणं? हो-नाही एवढंच. वक्तृत्वात मागल्या वर्षी तालुक्यात पहिली आलेली पोरगी यंदा पंधरा ऑगस्टचं भाषण नको म्हणते, 'तोंड दुखते' म्हणते. दप्तर? परवा मी पेन घ्यायला हात घातला तर हिसकून नेलं.

गाडी बाजूला लावून उभा राहिलो. देवा, काही असेलच तर गांजा असू दे, एमडी नको. जगाचा नकाशा काढून दाखवत फिरलो आणि ते विष माझ्याच घरी पोचलं असेल तर मी काय करू?

४ ऑगस्ट

आचल ट्यूशनला गेली तेव्हा तिचं दप्तर उपसलं. तिची आई दारात पहारा देत होती आणि पदराने डोळे पुसत होती. वह्या, पुस्तकं, कंगवा. तोंड आल्यावर घेतात त्या गोळ्यांची रिकामी पट्टी. मग कंपासपेटी उघडली. गुण्यांच्या खाली पन्नीची पुडी.

उघडली. खर्रा!

मी खालीच बसलो. इतकं हलकं वाटलं की हसू आलं. गांजा नाही, एमडी नाही, पोरगी बापासाठी खर्रा आणून, घोटून तयार ठेवते! लहानूकडून येताना माझी पुडी तीच तर आणते. ही म्हणाली, "तुमच्यासाठी आणला तं कंपासपेटीत काऊन लपवला?" मी म्हणालो, "अवो, शाळेत कोणी पाह्यला तर समन्वयकाची पोरगी म्हणून बोलतील ना. हुशार हाये." मी तिथेच बसून खाल्ला. घोटाई नेहमीसारखीच, लोण्यागत.

आचल आल्यावर कितीतरी वेळ दप्तरात काहीतरी शोधत होती. मी हसून सांगितलं, "मीच खाल्ला बेटा." तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाली, "बरं केलं बाबा."

१९ ऑगस्ट

निकषांत मुखतपासणी शिबिर आहे, ते आज झालं. दातांच्या डॉक्टर आल्या, डॉ. आकांक्षा नासरे, वयाने आमच्या माजी विद्यार्थिनीसारख्या. तपासणी अगदी सोपी. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालायची. गेली तर ठीक. पोरांना खेळच मिळाला, सगळं मैदान बोटं घालून उभं.

पण दहावी ब मधल्या अकरा जणांची तीन बोटं गेली नाहीत. अकरावी आचल होती. तिचं एक गेलं आणि दुसरं अर्ध्यावर अडकलं. ती पुन्हा पुन्हा रेटत होती. डॉक्टरांनी तिचा हात धरून खाली घेतला, बॅटरी लावली, गालात बोट फिरवलं. मग मला बाजूला बोलावून हळूच म्हणाल्या, "सर, त्या पोरीच्या पालकांना बोलवता येईल काय?"

मी म्हणालो, "बोला. मीच आहे."

त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं. "मंग तुम्ही पण बोटं लावून पाहा ना, सर."

मी म्हणालो, आभारप्रदर्शन राहिलंय. आणि जाऊन आभार मानले. कोणाकोणाचे मानले ते आठवत नाही.

२१ ऑगस्ट

सेवाग्रामला दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर नासरेंनी आचलचा गाल मला दाखवला. आतून गुलाबी असायला हवा तो पांढुरका पडलाय, आणि बोट लावलं की सुतळ्या ताणल्यासारख्या लागतात. तिखट म्हणूनच झोंबतं. असंच चालू राहिलं तर तोंड मिटत मिटत येतं, आणि पुढे कॅन्सरचीही भीती असते. ताठरलेलं सगळं पहिल्यासारखं होत नाही. पण आजपासून बंद केलं तर आहे ते वाचेल, इंजेक्शनं आणि व्यायामाने थोडं उघडेलही. तंबाखू वाईटच, पण गाल ताठरतो तो मुख्यतः सुपारीने.

मी म्हणालो, "सुपारी तर आपण पूजेत ठेवतो."

"पूजेत ठेवा सर. तोंडात नका ठेवू."

मग आचलला विचारलं, "कधीपासून खातेस?"

आचलने एकदा माझ्याकडे पाहिलं. "सातवीपासून. चुना पाह्यता पाह्यता."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, चुना म्हणजे? आचलने माझं नाव घेतलं नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसलेलो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

"घरात कोणी खाते काय?" या प्रश्नावर मात्र मी म्हणालो, "खात होतो. सोडलं." तसं ते खरंच होतं, कारण त्याच क्षणी सोडलं. माझी तपासणी करू म्हणाल्या, तर मी सांगितलं की अर्ध्याच दिवसाची रजा आहे.

२२ ऑगस्ट

पोळा. आचलने पुरणपोळी दुधात कुस्करून चमच्याने खाल्ली. ही माझ्याशी बोलत नाही.

हे मी केलंय. कोलंबियातून कोणी येऊन केलेलं नाही.

३१ ऑगस्ट

दहावा दिवस. डोकं जड, पोट साफ नाही, सातवीच्या पोरांवर उगाच ओरडलो. जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जातो. ज्याला मी नखं कुरतडण्यासारखं म्हणालो होतो ते हे. नखांनी कोणाची झोप उडवल्याचं ऐकलं नाही.

आचलच्या गालात इंजेक्शनं सुरू झाली. घरी काड्यांचा व्यायाम. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आणि सोसेल तशी मध्ये एकेक सरकवत जायची. डोळ्यांतून पाणी येतं तिच्या. आज काड्या काढल्यावर म्हणाली, "बाबा, मलेही लय आठवण येते खर्र्याची. भूगोलाच्या तासाले जास्तच." मला हसू फुटलं, तीही हसली, गाल धरून. पुष्कळ दिवसांनी घरात कोणी हसलं.

१४ सप्टेंबर

खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो. गुरुवारी पुन्हा सुरू केला. अर्धाच. मागच्या फाटकाने निघालो होतो, पाय एकशे बेचाळीस यार्ड चालून गेले. लहानूने न विचारता बांधून दिला.

एकदम सोडणं प्रकृतीला बरं नाही, असं कुठेतरी वाचलंय. शिवाय डॉक्टरांनी 'घरात' नको म्हटलं होतं, आणि मी घरात आणत नाही. शाळेत नशामुक्तीच्या साहित्याचं कपाट आहे, त्याची किल्ली माझ्याकडेच असते. तिथे पोस्टरांच्या गुंडाळ्यांमागे ठेवतो. त्या कपाटात एरवी कोणी ढुंकून पाहत नाही.

२६ सप्टेंबर

डॉक्टरांनी आचलला एक रजिस्टर दिलंय. नाव, इयत्ता, कधीपासून, किती बोटं. ती मधल्या सुट्टीत फिरते. नकाशा नाही, पत्रक नाही. पोरांसमोर स्वतःचं तोंड उघडून दाखवते आणि म्हणते, "माह्यं एवढंच उघडते. तुह्यं पाहू." पहिली काजल आली. तिने म्हणे घरी आजीच्या बटव्यातून सुरुवात केली होती. आज तेवीस नावं झाली. मी तीन महिने व्याख्यानं दिली, माझ्याकडे एकही पोरगं आपणहून आलं नाही. जरा लागलं, खोटं कशाला बोलू?

लहानूची तक्रार आली. "सर, तुमचीच पोरगी माह्यं गिऱ्हाईक तोडून राह्यली. तुम्ही तरी येत जा म्हणजे झालं." मी इकडेतिकडे पाहिलं.

आचलची आता जवळजवळ दोन बोटं जातात.

८ ऑक्टोबर

उद्या तंबाखूमुक्त शाळेची तपासणी. शाळा सुटल्यावर मी शिक्षकखोलीत निकषांची फाइल लावत बसलो होतो. मॅडमनी भिंतींना पोस्टरं लावायला सांगितली आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावरून उचलून आचलच्या हातात दिला. कागदांत डोकं असल्याने हे मला दिसलं नाही. दिसलं ते एकदम आचल समोर उभी राहिली तेव्हाच. तिने पुडी टेबलावर ठेवली.

"पोस्टरायच्या मांगं होती."

मी म्हणालो, "जप्तीची आहे. एका पोराकडून घेतली." इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

ती पुडीकडे बघत होती. हात एकमेकांत घट्ट धरले होते. तेव्हा लक्षात आलं की तिलाही तो हवा होता. सात आठवडे तिने सुपारीचा कण तोंडात घेतलेला नाही, आणि ज्या कपाटात बापाने नशामुक्ती ठेवली होती तिथूनच तो तिच्या हातात आला. "वास आला," ती म्हणाली. "तरी मी सोडली नाई पन्नी. तशीच आणली."

मग तिने रजिस्टर काढलं, पेन उघडलं. "कोण पोरगा हाये? नाव सांगा. शनिवारी डॉक्टर मॅडम येऊन राह्यल्या, त्याचंही पाहू."

"राहू दे. मी बोलतो त्याच्याशी."

"नुसतं बोलून नाई होत बाबा. मले मालूम हाये. त्याले एकट्याले नाई जमणार."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी आवाज चढवून मोकळा झालो असतो. ती खरोखरच त्या पोराची काळजी करत, पेन धरून उभी होती. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"लिही," मी म्हणालो. "श्रावण महादेवराव किनकर."

तिने मान वर केली नाही. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, नीट अक्षरात. इयत्तेच्या रकान्यात थोडा वेळ पेन थांबलं, तिथे तिने रेघ मारली. "कधीपासून?"

"तुझ्या जन्माआधीपासून."

तेही लिहिलं. "बोटं लावा."

दारात जाऊन बघितलं, कोणी नव्हतं. परत आलो. तीन बोटं उभी धरली आणि ऑगस्टपासून जे टाळत होतो ते केलं. एक गेलं. दुसरं दातांशीच अडलं. मी रेटलं, जबडा दुखला, पण ते आत गेलं नाही. तिने माझा हात धरून खाली घेतला, डॉक्टरांनी तिचा घेतला होता तसाच.

"माह्यापेक्षा कमी हाये, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शनिवारी सकाळी अकराला मुखतपासणी. माझा नंबर चोविसावा आहे.